मदत हवी आहे: अटॅचमेंटमध्ये सेव्ह केलेलं काम गायब, जुन्या टेम्प फायली मात्र जागच्या जागी

मंडळी, काल मेलमधून आलेली एक्सेल शीट डबल-क्लिक करून तशीच उघडली. दोन तास आकडे भरले. मधूनमधून कंट्रोल-एस दाबत होतो, सेव्ह होतही होतं. मग शीट बंद, मेल प्रोग्राम बंद. आज तीच अटॅचमेंट उघडली तर रकाने कोरे!

शोधाशोध केल्यावर कळलं की मेल प्रोग्राम अटॅचमेंटची एक प्रत टेम्प फोल्डरमध्ये (तात्पुरत्या फायलींच्या जागी) टाकतो आणि उघडते ती ही प्रत. मेलमधली मूळ फाइल जशीच्या तशी राहते. बाहेर पडताना प्रोग्रामने ती प्रत पुसली, माझ्या दोन तासांसकट. विचारायचं तरी!

बरं, पुसतो म्हणावं तर टेम्पमध्ये 'पगारपत्रक', 'पगारपत्रक-१' करत पार 'पगारपत्रक-१४' पर्यंत पीडीएफ पडून आहेत. ते मेल मी कधीच डिलीट केलेत. जे ठेवायचं ते पुसलं, जे पुसायचं ते ठेवलं, हा काय न्याय? शीट परत मिळेल का? आणि या पीडीएफ हाताने उडवल्या तर चालेल ना?

प्रतिसाद १
प्रोग्रामने पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. डिस्क एसएसडी (चिपवाली) असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरचीही फार आशा धरू नका. तरी एक्सेलची 'रीसेंट' यादी बघा, प्रत नेमकी कुठे होती ते तिथे कळेल.

पीडीएफ बहुधा अशा उरल्या: तुम्ही मेल बंद केला तेव्हा रीडरमध्ये (पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघड्याच असणार. दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलेली फाइल विंडोज सहसा पुसू देत नाही. पुढच्या वेळी जुनं नाव अडलेलं, म्हणून नवीन प्रतीला आकडा. मेल प्रोग्राम बंद करून खुशाल उडवा.

प्रतिसाद २
माझ्या मते मेल प्रोग्रामने प्रत 'रीड-ओन्ली'च (फक्त वाचण्यापुरती) टाकायला हवी. मग कंट्रोल-एस दाबताच एक्सेल दुसऱ्या नावाने सेव्ह करायला लावतं. काही प्रोग्राम असं करतातही. लोक कटकट म्हणतात, पण तुमचे दोन तास वाचले असते.

धागाकर्ता
रीसेंट यादीत नाव होतं. क्लिक केलं तर फाइल सापडत नाही म्हणे. पगारपत्रकं सगळी उडवली, एक सोडून. ती अजून रीडरमध्ये उघडी होती. आकडे पुन्हा भरायला बसलोय.