आईवडील डब्लिनचे, मुलगा मँचेस्टरचा, मग मॉरिसी नक्की कुठला?

कॅसेटवाला:

नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, घरात बोलावं तर या माणसाचं नावही कुणाला माहीत नाही म्हणून इथे टाकतोय.

मी मॉरिसी ऐकतो, मँचेस्टरचा गायक. आधी त्याचा बँड द स्मिथ्स, हॉस्टेलवर रूममेटकडे एक कॉपी केलेली कॅसेट होती ती आम्ही रीळ बाहेर येईपर्यंत वाजवली, मग त्याचे एकट्याचे अल्बम. इंग्रजी तेव्हा अर्धंच कळायचं पण हा माणूस एकटा आहे आणि ते लपवत नाहीये एवढं नक्की कळायचं, आणि मला तेव्हा तेवढंच पुरेसं होतं.

तर त्याचं २००४ चं गाणं आहे, 'आयरिश ब्लड, इंग्लिश हार्ट'. ब्रिटनच्या चार्टवर तिसऱ्या नंबरला गेलं होतं. अडीच-पावणेतीन मिनिटांचं गाणं, त्यात तो सांगतो की माझं रक्त आयरिश, काळीज इंग्लिश, आणि झेंड्याजवळ उभं राहिलं तर लाज वाटू नये, वंशद्वेष्टा ठरू नये असा काळ यावा असं त्याला वाटतं. इथपर्यंत ठीक. पण पुढच्याच कडव्यात इंग्लिश लोकांनी लेबर आणि टोरी या दोन्ही मोठ्या पक्षांना विटावं, क्रॉमवेलच्या नावावर थुंकावं, त्याला सलाम करणाऱ्या राजघराण्याला नाकारावं असं म्हणतो. क्रॉमवेल म्हणजे तो इंग्लिश सेनापती, जो १६४९ मध्ये आयर्लंडात सैन्य घेऊन उतरला आणि ज्याने ड्रॉहेडा गावात कत्तल केली. लंडनला पार्लमेंटबाहेर त्याचा पुतळा आहे. मग काळीज इंग्लिश असेल तर त्याच्यावर थुंकायचं कशाला, हे तर रक्त बोलतंय ना? मला इतकी वर्षं ऐकूनही हे नीट लागत नाही.

आणि दुसरं, जे जास्त खुपतं. २०१९ मध्ये हाच माणूस अमेरिकेत टीव्हीवर गायला आला तेव्हा कोटावर फॉर ब्रिटन पक्षाचा बिल्ला. मुसलमान आणि स्थलांतरितांच्या विरोधातला पक्ष. स्वतःचे आईवडील बोटीने समुद्र ओलांडून आलेले आणि हा असं करतो? त्या दिवशी मी खरंच एकही गाणं लावलं नाही. ज्यांना तिकडचं माहीत आहे त्यांनी जरा सांगा.

ढगाळगाव:

कॅसेटवाला दादा, मी मँचेस्टरला चौदा वर्षं राहते, नर्स आहे, आमच्या वॉर्डात आयरिश आज्या-आजोबा भरपूर असतात म्हणून थोडं सांगू शकेन.

पहिली गोष्ट म्हणजे इथे आयरिश असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. एंगल्सने १८४५ च्या पुस्तकात इथल्या 'लिटल आयर्लंड' वस्तीची दैना लिहून ठेवलीय, तेव्हापासून ही माणसं इथे आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर परत मोठी लाट आली, बांधकामावर पुरुष, हॉस्पिटलात बायका. मॉरिसीचे आईवडील त्याच लाटेतले, डब्लिनच्या क्रमलिन भागातले. तो १९५९ चा, ह्यूममध्ये आणि मग स्ट्रेटफर्डमध्ये वाढला, शाळा कॅथलिक. अशी घरं कशी असायची ते मला पेशंट लोक सांगतात, शेजार सगळा आयरिश, मावशा-काकवा दोन गल्ल्या सोडून, रविवारी चर्च, उन्हाळ्यात बोटीने तिकडे. म्हणजे घरात पूर्ण आयर्लंड, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की इंग्लंड.

आणि मग तिकडे गेलं की चुलत भावंडं म्हणणार आले बघा इंग्लिश, इकडे शाळेत पोरं म्हणणार पॅडी, म्हणजे आयरिश माणसाला हिणवायचा शब्द. आपल्याकडे बाईला सासरी माहेरची म्हणतात आणि माहेरी सासरची म्हणतात ना, तसं.

अजून एक, जे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आयरिश माणसाला इथे 'ब्रिटिश व्हायची' वेळच येत नाही. १९४९ च्या कायद्याने आयर्लंड परका देश धरला जात नाही, आयरिश पासपोर्टवर इथे राहता येतं, काम करता येतं, पार्लमेंटच्या निवडणुकीत मतही देता येतं. (कॉमनवेल्थमुळे मत आपल्यालाही देता येतं, मी भारतीय पासपोर्टवर देते.) आणि आई किंवा वडील आयर्लंडात जन्मलेले असले की मूल कुठेही जन्मो, आपोआप आयरिश नागरिक. म्हणजे मॉरिसी जन्मापासून कायद्याने दोन्हीकडचा. आता तू कोण ते ठरव असं त्याला कुठल्या ऑफिसात कुणी विचारलंच नाही, मग ते गाण्यात विचारायला लागलं असेल.

रेकॉर्डप्रेमी:

ताई फार छान लिहिलंत. यात भर म्हणजे द स्मिथ्समधले चौघेही आयरिश वंशाचे. गिटारवाला जॉनी मारचे आईवडील आयर्लंडात काउंटी किल्डेअरमधल्या अथाय गावचे आणि त्याचं खरं आडनाव 'माहेर' (Maher). (बदललं ते आयरिशपणा लपवायला नाही बरं का, बझकॉक्स नावाच्या बँडचा ड्रमर पण जॉन माहेर होता म्हणून.) १९८४ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने ब्रायटनला पंतप्रधान थॅचर यांच्या हॉटेलात बॉम्ब फोडल्यानंतर महिन्याभरात, हे चौघे आयर्लंडच्या दौऱ्यावर गेले, डब्लिन, कॉर्क, अगदी बेलफास्टलाही. तेव्हा इंग्लंडात आयरिश नाव असणं सोपं नव्हतं हे लक्षात घ्या. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बॉम्ब फुटून २१ माणसं गेली, सहा निरपराध आयरिश लोकांना धरून आत टाकलं ते १९९१ ला सुटले, सोळा वर्षं!

पण मला मॉरिसीपेक्षा त्या पिढीतले बाकीचे बघितले की जास्त समजतं कारण प्रत्येकाने वेगळं उत्तर काढलंय. शेन मॅकगोवन जन्मला केंटमध्ये, लहानपणीची काही वर्षं आयर्लंडातल्या टिपरेरीत आईच्या माहेरच्या शेतघरात, मग लंडनची भारी शाळा, तिथून हाकललं, आणि या पोराने लंडनच्या किंग्ज क्रॉसमध्ये पंक (आक्रमक रॉक) आणि आयरिश लोकगीतं एकत्र करून द पोग्ज हा बँड काढला. पारंपरिक वाजवणारे काही लोक सुरुवातीला चिडले होते की हे लंडनवाले आमच्या गाण्यांची वाट लावतायत. आणि तोच २०२३ मध्ये गेला तेव्हा डब्लिनच्या रस्त्यावर घोडागाडीतून अंत्ययात्रा, दुतर्फा लोक गातायत, राष्ट्राध्यक्ष अंत्यविधीला. मी तो व्हिडिओ रात्री दोन वाजता बघत बसलो होतो.

जॉन लायडन म्हणजे सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक, वडील आयर्लंडातल्या गॉलवेचे आई कॉर्कची, वाढला उत्तर लंडनमध्ये. १९७७ मध्ये इंग्लंडच्या राणीवर गाणं करून अख्खा देश हलवला, म्हणजे किती इंग्लिश काम, आणि २०२३ मध्ये युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेला आयर्लंडतर्फे जायला उभा राहिला, चौथा आला. केविन रोलंड वुल्व्हरहॅम्प्टनजवळचा, घरचे आयर्लंडातल्या मेयोचे, त्याने १९७९ मध्ये आपल्या डेक्सीज या बँडच्या पहिल्याच सिंगलमध्ये आयरिश लेखकांची नावं ओळीने घेतली, कारण आयरिश म्हणजे मठ्ठ असले जोक तेव्हा सर्रास चालायचे.

तर क्रॉमवेलबद्दल माझं मत, दादा, तुम्ही म्हणता ते रक्त बोलतंय ते बरोबर पण अर्धंच. क्रॉमवेल आणि राजघराणं नाकारल्यावर जे इंग्लंड उरतं त्यावर तो जीव टाकतोय. ह्यूमच्या चाळवजा गल्ल्या, पाऊस, जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे, टीव्हीवरच्या ठसक्याच्या बायका. आणि त्याचा देव कोण, ऑस्कर वाइल्ड, तो डब्लिनला जन्मून लंडनला सगळ्यात सुंदर इंग्रजी बोलून गेलेला माणूस. मॉरिसीला 'हार्ट' तिथे सापडलं असं मला वाटतं.

स्पष्टच_सांगतो:

सगळं मान्य, पण दुसऱ्या प्रश्नावर दोघंही बोलला नाहीत. २०१९ अचानक उगवलं नाही. १९९२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कला मॅडनेस या बँडच्या कार्यक्रमात हा युनियन जॅक फडकवत स्टेजवर आला, मागे पडद्यावर स्किनहेड (केस भादरलेले, वंशद्वेषाशी नाव जोडलं गेलेले तरुण) मुलींचा फोटो, समोर गर्दीत खरे स्किनहेड. फिन्सबरी पार्क म्हणजे आयरिश आणि इतर स्थलांतरितांची वस्ती, लायडन तिथलाच. लोकांनी वस्तू फेकल्या, एनएमई या संगीत साप्ताहिकाने झोडपलं.

आता काही चाहते म्हणतात की चारच वर्षांनी ओअ‍ॅसिस बँडच्या नोएल गॅलाघरने मँचेस्टरच्या मेन रोड स्टेडियमवर युनियन जॅक रंगवलेली गिटार वाजवली, त्याची आई मेयोची आणि वडील मीथचे, त्याला कुणी काही बोललं नाही मग मॉरिसीलाच का. मलाही आधी हे पटायचं. आता नाही पटत. नोएलने झेंडा घेऊन कुणाला बाहेर ढकललं नाही. मॉरिसीने नंतर स्थलांतरितांबद्दल जे जे बोललंय ते वाचा, त्यात तो ज्या दारातून घरचे आत आले तेच दार लावून घेतोय. आणि गंमत नाही, दुःखच वाटतं, की त्या फॉर ब्रिटन पक्षाची संस्थापक बाई स्वतः डब्लिनला जन्मलेली.

आयरिश लोक गोरे होते म्हणून दोन पिढ्यांत बोलीसकट मिसळून गेले, हेही धरायला हवं. जमैकन किंवा पंजाबी पोराला 'माझं काळीज इंग्लिश' म्हणायला जे सोसावं लागतं ते वेगळं. गाणं मला अजून आवडतं, पण त्यातली माफीची जागा त्याने स्वतः बुजवली.

कॅसेटवाला:

स्पष्टच, तुम्ही म्हणता ते पटतंय आणि म्हणूनच त्रास होतोय. मी गाणी टाकू शकत नाही, ती माझ्या वयाच्या वीस ते पंचविसात शिरलेली आहेत. पण 'रक्तवालं अर्धं' आणि 'पुतळ्यानंतर उरलेलं इंग्लंड' हे रेकॉर्डप्रेमींनी सांगितलं ते आज पहिल्यांदा नीट समजलं. ताई, सासर-माहेर वाचून बायकोला दाखवलं, ती म्हणाली हे गाणं मला आता ऐकव.

मालवणी_माणूस:

मी गाण्यातला दर्दी नाही, बाजूने एक सांगतो. आमच्या मालवण तालुक्यात वराड गाव आहे. २०१७ ला लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा गावात केवढा आनंद, पेपरात 'मालवणचा सुपुत्र'. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ वराडचे, आई आयरिश नर्स, आणि दोघांची भेट झाली ती इंग्लंडात, स्लाऊला. मुलगा जन्मला डब्लिनला. मराठी येत नाही, कोकणात वाढला नाही, तरी २०१९ च्या डिसेंबरात घरच्यांना घेऊन वराडला आले तेव्हा गावाने आपल्याच घरचा म्हणून ओवाळलं. माझे काका सांगतात की त्यांनी स्वतःला कधी मराठी म्हणवलं नाही, ते आयरिशच, पण गावाला त्याचं काही वाटलं नाही. म्हणजे रक्तावर हक्क गाव सांगतं आणि काळीज कुठे लावायचं ते माणूस ठरवतो, दोघांचं जमतंही कधीकधी. मॉरिसीच्या आयरिश नातेवाइकांना त्या गाण्याबद्दल काय वाटलं असेल हा माझा प्रश्न.

ऑरेंजकाउंटी:

मी लॉस एंजेलिसजवळ राहतो, इथली एक गोष्ट सांगायलाच हवी. मॉरिसी नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे राहायला आला होता आणि हे गाणं ज्या अल्बममधलं आहे तो आला तेव्हाही इथेच होता, म्हणजे इंग्लिश काळीज कॅलिफोर्नियात बसून गायलंय. आणि त्याचे इथले सगळ्यात कट्टर चाहते कोण, तर मेक्सिकन मुलं. त्याच्या गाण्यांचे ट्रिब्यूट बँड आहेत त्यांचे, केस त्याच्यासारखेच उभे, हातात त्याच्यासारखीच फुलं. एकदा अशा कार्यक्रमाला गेलो होतो, शेजारी उभ्या मुलीच्या आईवडिलांनी बॉर्डर ओलांडलेली, घरात स्पॅनिश, ती म्हणाली हा आमच्या घरातलं गातो. तिथे ते 'आयरिश ब्लड' वाजलं तेव्हा पोरं आयरिशच्या जागी 'मेक्सिकन' ओरडत होती. माझ्या मुलीने घरी येऊन 'मराठी' घालून म्हणून बघितलं आणि मग हार्टपाशी थांबली, पुढे कुठला शब्द टाकायचा ते तिला कळेना, मलाही सांगता आलं नाही.

त्या मुलांनी २०१९ च्या बिल्ल्याचं काय केलं माहीत आहे? काही जणांनी पोस्टर उतरवली. काही अजून जातात पण टी-शर्ट घालत नाहीत.

ढगाळगाव:

ऑरेंजकाउंटी, तुमच्या मुलीचं वाचून गलबलून आलं. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, जन्म इथला. वर्ल्डकप क्रिकेट असलं की भारत, फुटबॉल असलं की इंग्लंड, त्याला यात काही अडचणच दिसत नाही. आमच्या वॉर्डातल्या एका आयरिश आजोबांना हे सांगितलं तर ते १९८८ च्या युरो फुटबॉल स्पर्धेची आठवण काढून डोळे पुसायला लागले, आयर्लंडने स्टुटगार्टला इंग्लंडला १-० हरवलं तो सामना. आणि आयर्लंडचा गोल मारणारा रे हॉटन स्कॉटलंडच्या ग्लासगोत जन्मलेला. आजोबा आयर्लंडचा स्कार्फ घालून बसलेले आणि त्यांचा थोरला इंग्लंडचा शर्ट घालून, दोघं एका सोफ्यावर. मॅच संपल्यावर थोरला उठून बापासाठी चहा करायला गेला म्हणे.

मालवणी भाऊ, नातेवाइकांचं मला सांगता येणार नाही, पण २००१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्यांदा 'आयरिश' असा वेगळा पर्याय आला तेव्हा १.२ टक्के लोकांनी तो निवडला. आयरिश आजीआजोबा असलेले त्याहून कितीतरी जास्त असणार, म्हणजे मॉरिसीच्या पिढीतल्या पुष्कळांनी ब्रिटिशच्या चौकटीत खूण केली असणार. गाणं त्यानंतर तीन वर्षांनी आलं.

आणि कॅसेटवाला दादा, क्रॉमवेलचा एक पुतळा आमच्या मँचेस्टरातही आहे. १८७५ साली शहराच्या मध्यात बसवला, इथल्या आयरिश लोकांना तो कधीच सहन झाला नाही, नंतर हलवून विदेनशॉ पार्कमध्ये नेला. विदेनशॉ म्हणजे जॉनी मार जिथे मोठा झाला ते. या रविवारी पाऊस नसला तर मुलाला घेऊन जाते आणि फोटो टाकते इथे.