कुंपणाला लाकडी खांब की लोखंडी अँगल? (मुळशीचा पाऊस धरून बोला)

कोथरूडकर: काल इथे कुणीतरी लिहिलंय, 'लाकडी खांब म्हणजे वाळवीला जेवणावळ, डोळे झाकून अँगल लावा.' डोकंच फिरलं. ताम्हिणीच्या अलीकडे आमचे अँगल, रेडऑक्साइडचा लाल रंग मारलेले, सहाव्या पावसाळ्यात जमिनीलगत पापुद्रे सुटून मोडले आणि शेजारच्या आजोबांचे ऐनाच्या लाकडाचे, बुडाला डांबर फासलेले खांब अजून ताठ. २०२४ च्या जुलैत त्या पट्ट्यात दिवसाला ५५६ मिमी पडला तेव्हाही हलले नाहीत.

अँगलवाला: तो मीच. रेडऑक्साइडवर भागवलंत आणि नावं लोखंडाला? हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड घ्यायचे. भोकं आधी पाडून मग जस्तात बुडवलेले. नंतर वेल्डिंग केलंत की तिथलं जस्त जळतं, गंज तिथूनच.

ऐनवेळी: खांब खोल मातीत नाही कुजत, जमिनीच्या रेषेवर कुजतो, तिथे ओलही आणि हवाही. काँक्रीट जमिनीखालीच थांबवलं की त्याची वाटी होते न पाणी साठतं, चार बोटं वर काढून उतार द्या. आणि सागाचा गाभाच टिकतो हो, बाहेरचं पांढरं लाकूड वाळवीचंच.

मावळातला: लाकूड न लोखंड काय घेऊन बसलात! पुण्याच्या लोकांनी आमच्याकडे प्लॉट घेतले आणि पहिलं काम काय तर कुंपण, तेही गुरांच्या वाटेवर. आमची आई ओढ्यावर म्हशी न्यायला रोज डोंगराला वळसा घालायची.

कोथरूडकर: विषय काय, बोलताय काय? रीतसर मोजणी केलीये, सातबारा माझा आहे.

मावळातला: सातबारा तुमचा, वहिवाट आमची. मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५ वाचा. अडवल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे अर्ज केला, कुंपण निघालं. काढताना जस्त होतं का साग, कुणी विचारलं नाही.

अँगलवाला: 😂 पण आमचे अकरा अँगल रातोरात भंगारात गेले, ते कुठल्या कलमात?

मावळातला: म्हणजे गाववाले चोर? सरळ बोला की.

अँगलवाला: गाववाले म्हणालो का मी? चोर म्हणालो. तुम्हीच अंगावर घेताय.

ऐनवेळी: लाकडी खांब भंगारात जात नाहीत बरं का. चुलीत जातात.

कोथरूडकर: बरं बाबा, जस्त नव्हतं ही माझीच कंजुषी. आता गॅल्व्हनाइज्ड लावतो, पण कोपऱ्यांना ऐनच. आणि ओढ्याकडे फाटक ठेवतो, झालं समाधान?

मावळातला: कडी बाहेरूनही उघडेल अशी लावा.