अनुभव धागा: लेकरू आजारी असताना शाळेत पाठवलंय का कधी?

धागाकर्ती, परभणी
काल धाकट्याच्या दप्तरात शाळेची चिठ्ठी सापडली, पालकांसाठी सूचना. औषध न देता 24 तास ताप आला नाही तरच पाठवा, कांजिण्या असतील तर सगळ्या पुटकुळ्यांवर खपली धरेपर्यंत घरीच ठेवा. वाचता वाचता थोरली दुसरीत असतानाचं आठवलं. माझी ड्यूटी, घरी कुणी नाही. सकाळी अंग कोमट लागलं, तापाचं औषध पाजलं, वेण्या घालून रिक्षात बसवलं. मधल्या सुट्टीत बाईंचा फोन. गेले तर पोरगी शेवटच्या बाकावर डोकं टेकून, गाल लालबुंद, डबा तसाच. "बाईंना सांगितलं नाही आई, तू रागावशील म्हणून." अजून टोचतं ते. तुमचंही मोकळं लिहा.

लातूरची माय
रडवलंत ताई. पोळ्या करता करता वाचायलेय, नंतर लिहिते.

शिक्षिका, जालना
औषधाचा असर चार-सहा तासांत उतरतो आणि ताप वर्गातच चढतो. हे दर पावसाळ्यात बघते. रजा मिळत नाही, रोज बुडतो, सगळं कळतं हो. पण निदान "रात्री ताप होता" एवढं खरं सांगून पाठवा. आम्ही लक्ष ठेवतो, नंबर चालू ठेवा. बंद नंबर लागला की जीव टांगणीला लागतो.

नांदेड
आमच्या लहानपणी गोवर-कांजिण्या निघाल्या की माय दाराला लिंबाचा डहाळा लावायची. घरात फोडणी बंद, शेजारची पोरं उंबऱ्याच्या आत येत नव्हती. चिठ्ठी नव्हती, पण सगळ्या गल्लीला कळायचं.

बीडचा बाप
10 फेब्रुवारीची जंताची गोळी. पोरीला मळमळलं, तसा मी शाळेत भांडायला गेलो. नंतर डॉक्टर म्हणले, पोटात जंत जास्त असले की गोळीनं थोडं तसं होतं. दुसऱ्या दिवशी सरांची माफी मागितली. भावाची लेकरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांची गोळीही हुकते अन् लसही. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, लसीचं कार्ड भिजलं, आता कोणती लस राहिली तेच कळंना.

शिक्षिका, जालना
बीडचे भाऊ, कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा सगळ्यांना. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही लस मिळते. आणि जंताची गोळी चावूनच खायची, गिळायची नाही. त्या दिवशी आजारी असलेल्या लेकराला देत नाही, नंतर राहिलेल्या लेकरांसाठी मॉप-अप दिवस असतो, तेव्हा देतो.

धाराशिव
शाळेतली सोमवारची निळी लोहाची गोळी घेतात का तुमच्या मुली? आमचीला काळी शी झाली, मी घाबरले. आशाताई म्हणल्या लोहानं होतं तसं, फक्त उपाशीपोटी देऊ नका. सहावीतली पोर, पायऱ्या चढताना दम लागायचा, आता खेळती झालीय.

हिंगोली
उवांचं कुणी लिहिना! मैत्रिणींची डोकी एका फणीनं विंचरतात, मग घरभर सगळ्यांना.

लातूरची माय
आले. आमचा मोठा शाळेत पाणीच पीत नव्हता. संडास घाण म्हणून लघवीला जायचंच नाही, असं ठरवलेलं त्यानं. एप्रिलच्या उन्हात! लघवीला जळजळ झाली तेव्हा बोलला. चार जणी मिळून मुख्याध्यापकांना भेटलो, आता रोज धुतात. चिठ्ठीत हेही लिहायला पाहिजे.

नांदेड
ताई, नळाला पाणी किती दिवसाआड येलंय तुमच्याकडं?

लातूरची माय
विचारू नका. टाकी भरून ठेवलीय.

धागाकर्ती, परभणी
संडासाचं उद्याच विचारते शाळेत. धाकटाही बाटली भरलेलीच परत आणतो.