ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी डॉक्टरने नेमका कुणाचा पिच्छा पुरवायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. गाळप सुरू झालं की बीडकडच्या टोळ्या येतात आणि ओपीडीत ठरलेलं चित्र दिसायला लागतं: दीड-दोन वर्षांचं, जुलाबाने सुकलेलं पोर आणि त्याला कडेवर घेऊन आलेली आठ-नऊ वर्षांची बहीण. आईबाप पहाटेच उसाच्या फडात. दवाखान्यात यायचं म्हणजे खाडा, आणि खाडा उचलीच्या (मुकादमाकडून आधीच घेतलेल्या पैशांच्या) हिशेबात चढतो.

परवा अशाच एका पोराच्या दंडाला टेप लावली, ११ सेंमी भरलं. ११.५ च्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. पोषण पुनर्वसन केंद्रासाठी चिठ्ठी दिली, पण तिथे आईला दोनेक आठवडे सोबत राहावं लागतं. तोडणीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात; ती गेली की नवरा अर्धा कोयता. चिठ्ठी घेतली, गेले मात्र नाहीत. मला त्यांना दोष देववत नाही.

आता अडचणी. गावातली अंगणवाडी सेविका म्हणते, 'आमच्या सर्वेक्षणात यांचं नाव नाही.' लसीकरणाचं सत्र सकाळी अकराला उपकेंद्रात, त्या वेळी अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या खोपट्यांच्या वस्तीवर, मोठं माणूस नसतं. लसीचं कार्ड गावाकडच्या पेटीत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळाव्यानंतर. नेमकी ही पोरं तेव्हा हंगामात अडकलेली.

शिबिर घ्या, बिस्किटं वाटा, हे सल्ले कृपया नकोत. फोटो छान येतात, पुढच्या हंगामात तेच मूल तसंच.

गडचिरोलीत बंग दांपत्याने बाळमृत्यू आधी मोजले, मग घरोघरी नवजात बालसेवा करून दाखवली. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि पुढे आशा सेविकांच्या कामात शिरलं. मोजल्याशिवाय कुणी ऐकत नाही हे कळतं. पण एकट्या खासगी डॉक्टरने मोजायचं काय आणि ते नेऊन कुणाच्या टेबलावर ठेवायचं?

निवृत्त_आरोग्यसेवक: मॅडम, तुमच्या ओपीडीतलंच मोजा. वय, दंडघेर, कुठल्या लसी राहिल्या, अड्डा कुठला. एका हंगामाचा एक कागद पुरतो, नावं नकोत.
लसीसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या: अड्डा अतिजोखमीच्या भागांत घाला आणि सत्र संध्याकाळी तिथेच लावा. पोच घ्या, तोंडी सांगितलेलं विरून जातं. लसीकरणाच्या जिल्हा टास्क फोर्सचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तुमच्या आयएपी (बालरोगतज्ज्ञांची संघटना) शाखेमार्फत तिथे विषय लावून घ्या. एकट्या डॉक्टरचं पत्र फायलीत जातं, शाखेच्या पत्राला उत्तर द्यावं लागतं. कार्ड नाही म्हणून कुणी पोराला परत पाठवू शकत नाही, हेही त्यात लिहा.

पर्यवेक्षिका_ताई: सेविकेला धारेवर धरू नका, तिच्यावर आधीच कामाचा ढीग. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जा. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा आहार हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हक्क आहे, आणि पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं अ‍ॅप) स्थलांतरित लाभार्थी घेण्याची सोय आहे.
आणि त्या पोराचं: इतर गुंतागुंत नसेल आणि भूक चांगली असेल तर केंद्रात दाखल करायची गरज नसते. ग्राम बाल विकास केंद्र अंगणवाडीतच चालवता येतं, आईचा खाडा होत नाही. भूक तपासलीत का?

धागाकर्ती: जुलाब थांबल्यावर तपासली, भूक आहे. उद्याच प्रकल्प कार्यालयात जाते. पण टोळ्या फड संपला की हलतात, मग सत्र लावायचं कुठे? अड्ड्यांची यादी कुणाकडे असते?

निवृत्त_आरोग्यसेवक: कारखान्याच्या शेती विभागात. त्याआधी चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, गाठा. आज कुठली टोळी कुणाच्या उसात आहे हे त्याला तोंडपाठ असतं.