आमच्या मागे मुलाचं काय? बक्षीसपत्र, मृत्युपत्र की ट्रस्ट?

कराडची_आई
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय 61. यजमान 66 चे, त्यांचं दुकान होतं, पेन्शन नाही. मुलगा 29 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे. आपल्या हातानं जेवतो, रिमोट कुणाला देत नाही, पण शंभराची नोट आणि पाचशेची नोट त्याला सारखीच. मुलगी लग्न होऊन पुण्यात. घर यजमानांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, त्यांच्याच नावावर. ठेवी माझ्या नावे, त्यावर मुलाचं नॉमिनेशन आहे.
दीर म्हणतात, "घर पोरीच्या नावे बक्षीसपत्र करा, दोनशे रुपयांत काम होतं. ती बघेल भावाला." मुलगी यावर काहीच बोलत नाही. जावई सज्जन आहेत, पण उद्याचं कुणी सांगावं? सासूबाई 88 च्या, आमच्याजवळच असतात.

काळा_कोट
ताई, दिवाणी कोर्टात हयात गेली माझी, म्हणून सांगतो. राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, हे तुमच्या दिरांचं खरं आहे (स्थानिक अधिभार वेगळा). पण सही केली की घर त्याच दिवशी तुमच्या हातून गेलं. आईवडिलांना सांभाळायची अट दस्तात घातली आणि ती मोडली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं दस्त रद्द करून घेता येतो. तो आधार तुम्हा दोघांना. तुमच्या माघारी भावाला सांभाळलं नाही तर तो कायदा कामाला येत नाही.
काहीच केलं नाही तर? यजमानांमागे घराचे चार वाटे: तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई हयात असतील तर त्याही. आईचा वाटा लोक हमखास विसरतात. मग मुलाच्या वाट्यासाठी सही कोण करणार?
नॉमिनेशनवर विसंबू नका. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही.
तुम्ही दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करा, घर त्यांच्या मृत्युपत्रात, ठेवी तुमच्या. त्यातच मुलासाठी खाजगी ट्रस्ट लिहा, म्हणजे मालमत्ता सांभाळणार विश्वस्त, पण ती खर्च व्हायची मुलासाठी. विश्वस्त दोन: मुलगी आणि घराबाहेरचा एक हिशेबी माणूस. खर्च कशावर करायचा आणि मुलाच्या पश्चात उरेल ते कुणाचं, हे स्वच्छ लिहा. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे कराच. दोन साक्षीदार हवेत, ते तुमच्याहून तरुण बघा. यजमानांच्या वेळी डॉक्टरांचा दाखलाही जोडा. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं, बक्षीसपत्रात ती सोय नाही.

नाशिकची_मावशी
वकीलसाहेब, एक राहिलं. मूल 18 चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत! नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. पालक नेमला की त्यानं 6 महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची, मग दरवर्षी हिशेब. कटकट वाटेल, पण पुढे बँक हाच कागद मागते.
आणि ताई, तुमची पेन्शन! अशा मुलाला तुमच्या आणि यजमानांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकतं. जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र घेऊन त्याचं नाव तुमच्या हयातीतच पेन्शनच्या कागदांवर चढवा. मागाहून चढवायचं म्हटलं तर धावायला कोण आहे?

थोरली
मी तुमच्या मुलीच्या जागी आहे. भाऊ 34 चा, डाउन सिंड्रोम. काकू, ती गप्प आहे म्हणजे तयार आहे असं धरू नका. मलाही कुणी विचारलं नव्हतं, "तू आहेसच ना" एवढंच. मी करतेय आणि करेन, पण पैसे वेगळ्या खात्यात असते, रुग्णालय आणि केअरटेकरचा खर्च त्यातून गेला असता, तर आमच्या घरात निम्मी भांडणं झाली नसती. भावावर खर्च केला की नवऱ्यापुढे हिशेब मांडावा लागतो, ही गोष्ट कुणी बोलत नाही. तिला एकटीला गाठून विचारा, जावयासमोर नको.

कराडची_आई
सगळ्यांचे आभार. सासूबाईंचा वाटा आमच्या डोक्यातच नव्हता, दिरांच्या होता की काय कोण जाणे. पेन्शनचं सोमवारी पंचायत समितीत विचारते. थोरली, तू लिहिलंस ते लेकीला जसंच्या तसं पाठवलं. तिचा लगेच फोन आला, बराच वेळ बोललो. विश्वस्त व्हायला ती तयार आहे, मात्र घर स्वतःच्या नावावर नको म्हणते.
वकीलसाहेब, दुसरा विश्वस्त म्हणून माझी शाळेतली मैत्रीण चालेल का? हिशेबाला चोख आहे, पण वय माझ्याएवढंच.

काळा_कोट
चालेल. फक्त तिच्यानंतर कोण, तेही नाव त्याच कलमात घाला.