सिव्ह ६ (सिव्हिलायझेशन ६ हा कॉम्प्युटर गेम): 'आधी दोनच शहरं' म्हणणाऱ्यांसाठी

उद्यमबाग_टर्नर
काल इथं एकानं लांबलचक पोस्ट टाकली, तिचा सारांश असा की सुरुवातीला दोनच शहरं करायची, राजधानी फुगवायची, स्टोनहेंज आणि हँगिंग गार्डन्स ही वंडर उठवायची, आणि सेटलरचं (म्हणजे नवीन शहर वसवणाऱ्यांचं) काय ते शंभराव्या टर्ननंतर बघायचं. वर परत 'डेइटीला पण हेच चालतंय', म्हणजे सगळ्यात अवघड लेव्हलला. वाचून डोस्कं उठलं म्हणून लिहितोय.

स्टोनहेंजला 180 प्रॉडक्शन लागतं. स्टँडर्ड स्पीडला पहिला सेटलर 80 चा, दुसरा 110 चा, म्हणजे चार दगड गोल मांडायच्या किमतीत जवळजवळ दोन शहरं होतात की. आणि डेइटीला एआय, म्हणजे कॉम्प्युटरचा खेळाडू, तीन सेटलर घेऊनच जन्माला येतो, तो काय तुमच्यासाठी नदीकाठ रिकामा ठेवणाराय? तुमचं वंडर निम्मं होईस्तोवर त्याचं पूर्ण झालेलं असतंय, मग बसा बोंबलत.

डिस्ट्रिक्टचं, म्हणजे शहरात बांधायच्या खास विभागांचं पण बघा. एका शहरात लोकसंख्या 1, 4, 7, 10 झाली की एकेक डिस्ट्रिक्ट मिळतं. दहा-दहाची दोन शहरं केली तर आठ, चार-चारची सहा केली तर बारा. आणि दहावर न्यायला जेवढं अन्न, घरं, अ‍ॅमेनिटी (सुखसोयी) लागतात त्यात चारवर कितीतरी शहरं जातात. माझी ऑर्डर साधी आहे, स्काऊट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर, मग बिल्डर (कामगार) किंवा मॉन्युमेंट, परत सेटलर. अर्ली एम्पायर हे सिव्हिक (कल्चरनं मिळणारा टप्पा) आलं की कॉलनायझेशन हे धोरणाचं कार्ड टाकायचं, सेटलरला 50 टक्के जादा प्रॉडक्शन. हे कार्ड न वापरता 'सेटलर महाग आहेत' म्हणून रडणाऱ्यांना माझ्याकडं उत्तर नाही.

शहापूरचा_संथ
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला लाज वाटली काय? मी नवीन लोकांसाठी लिहिलेलं, प्रिन्स लेव्हलला खेळणाऱ्यांसाठी. डेइटीचं वाक्य आगाऊपणानं खाली एकानं घातलंय, ते माझ्या गळ्यात मारू नका.

आणि तुमच्या गणितात एक गोष्ट बरोबर गाळली. सेटलर निघाला की शहराची एक लोकसंख्या जाते. दोनचं शहर परत एकवर येतं. असे तीन-चार काढले की राजधानी कायम आजारी. माझा मावसभाऊ असलीच ऑर्डर यूट्यूबवर बघून खेळायला बसला, सेटलर एकटेच सोडले, सोबत एक वॉरियर नाही, रानटी आले आणि उचलून छावणीत नेऊन बसवले. दोन्ही! तोंड बघण्यासारखं झालेलं. त्यापेक्षा माझी दोन शहरं जिवंत तरी असतात.

कॅम्प_जुना_खेळाडू
संथ, तुम्ही सिव्ह ५ वाले दिसता. तिथं ट्रॅडिशन धोरण घेऊन चार शहरं हा शहाणपणा होता, कारण प्रत्येक शहरामागं नाखुशी वाढायची, संशोधन 5 टक्क्यांनी महागायचं, नॅशनल कॉलेज बांधायला सगळीकडं लायब्ररी लागायची. ६ मध्ये तसली शिक्षाच नाही. उलट एक लक्झरी (चैनीचा माल) चार शहरांना पुरते, तुम्ही दोनच केली तर निम्मी वाया. 2016 ला गेम आला, अजून लोक जुनंच गिरवतात.

खानापूर_जंगल
मावसभावाला सांगा, रानटी स्काऊटच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं म्हणजे त्यानं शहर बघितलंय, तो परत छावणीत पोचायच्या आत मारायचा. पोचला की झुंड येते. डिसिप्लिन कार्ड टाकलं तर रानट्यांविरुद्ध +5 पण मिळतं. स्लिंगरनं एकाला टिपलं तर आर्चरीचा युरेका (संशोधनातली सूट) फुकट. आणि एवढं करूनपण सेटलर गेलाच तर ऑटोसेव्ह लोड करायचा, हाय काय नाय काय.

निपाणी_नडगी
लोड??
मग जिंकलो म्हणून स्क्रीनशॉट कशाला टाकतोस गा इथं?

खानापूर_जंगल
नडगी, तुम्हाला निपाणीत बसून बोलायला काय जातंय. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट येते-जाते, ऑटोसेव्ह दर टर्नला लावून ठेवलाय, लोड केल्याशिवाय गेमच पुढं जात नाही.

निपाणी_नडगी
लाईट गेली म्हणून शेवटचा सेव्ह उघडणं वेगळं आणि सेटलर गेला म्हणून पाच टर्न मागं जाणं वेगळं. तुझी लाईट बरोबर सेटलर मेल्यावरच कशी जाते मर्दा?

गोआवेस_कल्चर
😂😂 पण नडगी, तू रिस्टार्ट मारतोस की नाही ते सांग आधी. परवा तूच म्हणालास 'जागा भंगार आली, परत सुरू केलं'.

निपाणी_नडगी
ती पहिली टर्न असते. अजून काही झालेलंच नसतं. गोड्या पाण्यावर शहराला 5 हाऊसिंग, किनाऱ्यावर 3, कोरड्यात 2. टुंड्रात बर्फ चाटत बसू काय?

गोआवेस_कल्चर
पत्ते हातात आल्यावर 'परत पिसा' म्हणणारा आणि डाव हरल्यावर म्हणणारा, दोघंही रडेच. आमच्या हॉस्टेलवर लॅनवर खेळायचो तेव्हा नियम होता, जागा आली ती आली. मला एकदा वाळवंट आलेलं, तरी चार शहरं टाकली, डेझर्ट फोकलोर ही श्रद्धा घेऊन धर्मावर जिंकलो. हारजीत तिथंच कळते. आताची पोरं मार्बल आणि दोन नद्या दिसेपर्यंत रिस्टार्ट मारत बसतात आणि मग स्ट्रॅटेजी शिकवतात.

उद्यमबाग_टर्नर
धागा सेटलरचा आहे.

खानापूर_जंगल
एकटाच खेळतोय माझ्या घरी माझ्या कॉम्प्युटरवर, कोणाच्या बापाचं काय जातंय? डेइटीचा एआय तीन सेटलर, पाच वॉरियर घेऊन येतो ते चालतं, मी एक सेव्ह उघडला की पाप? चिटिंग कोण करतंय मग?

निपाणी_नडगी
एआयला ते सेटिंग तूच दिलंस. किंग लेव्हलला खेळ, कोण नको म्हणालंय. डेइटीची फुशारकी पण हवी आणि मागं जायची सोय पण हवी, असं नाही चालत.

चिकोडी_वरू
लोड-बिड सोडा वो. भारत घेतला तर गांधी नाहीतर चंद्रगुप्त, मराठे कुठायत? हलकी घोडदळं, डोंगरावर किल्ला, केवढं मटेरियल आहे. वंडरमध्ये गोलघुमट पण नाही, विजापूर आपल्यापास्नं एवढंसं. ह्याच्यावर कोण बोलत नाही.

कॅम्प_जुना_खेळाडू
दर धाग्यावर हेच. बिड्री, सोडा आता.

चिकोडी_वरू
बरं मग सेटलरवरच बोलतो. सेटलर काढायचेच कशाला? चंद्रगुप्त घ्या, वरू हत्ती काढा, बाजूच्या शत्रूची ताकद 5 नं घटते, शेजाऱ्यानं बांधून ठेवलेली शहरं घ्या. तुम्ही दोघं दोन की सहा करत बसलाय.

उद्यमबाग_टर्नर
वरू मिळतात हॉर्सबॅक रायडिंगचं संशोधन झाल्यावर, तोपर्यंत काय करणार, ढोल वाजवणार?

गोआवेस_कल्चर
वरूचा मुद्दा निदान मुद्दा तरी आहे. जंगलचा तर तोपण नाही.

खानापूर_जंगल
तुम्हा सगळ्यांना रविवारी ऑनलाईन बोलावतो. लोड नाही, रिस्टार्ट नाही. मग बोला.

निपाणी_नडगी
होस्ट मी करणार. तुझ्या लाईटीवर माझा भरवसा नाही.

शहापूरचा_संथ
चला, तुमची भांडणं झाली असतील तर माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही. राजधानीची लोकसंख्या जाते त्याचं काय? टर्नर साहेबांच्या कृपेनं दोनच्या जागी तीन शहरं करीन म्हणतो, चौथ्याला परवानगी काढतो त्यांची.

कॅम्प_जुना_खेळाडू
मॅग्नस गव्हर्नर राजधानीत बसवा, प्रोव्हिजन प्रमोशन द्या. सेटलर काढला तरी लोकसंख्या जात नाही. शिवाय झाडं तोडली की त्याच्या शहरात 50 टक्के जास्त प्रॉडक्शन मिळतं, ते सेटलरमध्येच घाला.

शहापूरचा_संथ
हे कोणीतरी आधी सांगायचं की! टर्नर एवढं मोठं पुराण लिहून बसले, त्यात मॅग्नसचं नावसुद्धा नाही.

उद्यमबाग_टर्नर
नाही लिहिलं कारण पहिला गव्हर्नर पिंगला (विद्या-कल्चरवाला) असतो. कल्चर लवकर मिळालं की अर्ली एम्पायर लवकर, कार्ड लवकर. मॅग्नस नंतर.

कॅम्प_जुना_खेळाडू
पिंगला आधी? एकच्या लोकसंख्येच्या राजधानीत? काय शिकवणार तो, कोणाला?

उद्यमबाग_टर्नर
एकची कशी असेल तोवर? नीट खेळलात तर नसते.

गोआवेस_कल्चर
झालं सुरू. नवीन धागा काढा.