सोलापुरात कोशर पाळणारे पाहुणे येणार आहेत : स्वयंपाक आणि कोकणचा प्रवास, दोन्हींसाठी सल्ला हवा

शेंगाचटणी (सोलापूर)

नमस्कार मंडळी. सासूबाईंची लहानपणची मैत्रीण इस्रायलहून येतीय. मावशींचे वडील रेल्वेत होते, दोघी शेजारीशेजारी वाढल्या. साठच्या दशकात ते सगळं घर तिकडं गेलं, आता मावशी अश्दोदला असतात. मराठी मात्र अशी खणखणीत की फोन ठेवल्यावर आमचा मुलगा म्हणाला, "आई, ही आजी तुझ्यापेक्षा शुद्ध बोलते." गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, डोळे भरून बघायची म्हणून मुद्दाम जानेवारीत येतायत.

मावशींचं काही नाही. "तू काहीही कर गं, मी पिठलं-भाकरीवर वाढलेली बाई." पण बरोबर पंचविशीची नात आहे आणि ती कोशर, म्हणजे यहुदी धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, अगदी काटेकोर पाळते. आमचं लिंगायत घर, मांस-मासा-अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. आमचे हे म्हणतात, शाकाहारी म्हटल्यावर प्रश्नच कुठं उरतो? मला काय ते एवढं सोपं वाटंना. पोरगी आठ दिवस केळी खाऊन राहिली तर सासूबाई मला जन्मभर ऐकवतील की ओ.

तर सांगा : आमच्या स्वयंपाकघरात तिला काय चालेल, काय नाही? भांडी नवी घ्यावी लागतील का? शुक्रवार-शनिवारचं काय करतात? आणि इथून पुढं त्यांना अलिबागकडं जायचंय, मावशींचं मूळ गाव त्या बाजूला. त्याचाही बेत कसा आखावा?

मटणभाकरी

ताई, कशाला एवढा विचार? सोलापुरात येऊन मटण न खाता परत जायचं म्हणजे काय! हलाल मटण आणा, त्यांना चालतंय. दोन्ही एकच.

पनवेलवाला

मटणभाकरी, एकच नाही हो. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, माझं बालपण पनवेलचं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आमच्यात बकरा कापणारा माणूस शिकून तयार झालेला यहुदीच लागतो. शिवाय ठरावीक चरबी आणि मागच्या पायाची शीर काढायची, मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून धुवायचं, म्हणजे रक्त उतरतं. सोलापुरात हे जमणं कठीण, तेव्हा मटण विसरा.

आता ताईंचं घर. तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे. कोशरमधली सगळ्यात मोठी भानगड म्हणजे मांस आणि दूध एकत्र न येऊ देणं. तुमच्याकडं मांसच नाही, त्यामुळं तो गुंता आपोआप सुटला. पण चार गोष्टी उरतात, आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यातल्या एकीचंही उत्तर देत नाही.

पहिली गोष्ट किडे. कोशरमध्ये किडा म्हणजे निषिद्ध मांसापेक्षाही वाईट. पालेभाजी एकेक पान उजेडात धरून बघावी लागते. फ्लॉवर आणि कोबी तर आणूच नका. भोपळा, गवार, बटाटा, काकडी ही बिनघोर. पीठ आणि डाळी चाळून, निवडून घ्या. ते तुम्ही करताच.

दुसरी गोष्ट दूध. कडक पाळणारे काही जण धार काढताना यहुदी माणूस हजर नसेल तर ते दूध घेत नाहीत. नातीला आधीच विचारा. नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, कोरा चहा द्या. आमच्या घरांत नारळाचं दूध इतकं वापरतात त्याचं कारण थोडंफार ते मघाचं मांस-दुधाचं, मटणाच्या रश्शात दही-साय चालत नाही. तेच तुमच्या कामी येईल. पुऱ्या तेलात तळा, तुपात नको.

तिसरी गोष्ट जाळ. शिजवलेल्या पदार्थात यहुदी माणसाचा हात लागावा असा नियम आहे. काही जणांना त्यानं गॅस पेटवला की पुरतं, काही जण भांडंही स्वतः चढवतात. म्हणून नातीला सकाळीच स्वयंपाकघरात बोलवा, गॅस तिच्याकडून पेटवून घ्या, पातेलं तिला ठेवू द्या, फोडणी तुमची. दोघींच्या गप्पाही होतील. बाहेरून आणलेलं शिजवलेलं अन्न मात्र या नियमात बसत नाही.

चौथी गोष्ट भांडी. एक पातेलं, एक कढई, एक तवा, सुरी, पोळपाट-लाटणं नवं घ्या आणि ते तिच्यासाठीच बाजूला ठेवा. काचेची ताटं-वाट्या घेतल्या तर उत्तम, काच काही शोषून घेत नाही असं आमच्याकडं धरतात.

आणि आता तुमच्या सोलापूरचं भाग्य ऐका. यहुदी धर्मातले भाकरी-पावाचे बहुतेक नियम पाच धान्यांचे : गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक जुना भाऊ. ज्वारी त्यात नाही. म्हणजे पोळीच्या कणकेतून जो वाटा बाजूला काढावा लागतो तो भाकरीच्या पिठातून नाही. नव्या तव्यावर, तिनं पेटवलेल्या गॅसवर तुमची मालदांडी ज्वारीची भाकरी थापा, निश्चिंत राहा. त्यातल्या काही कडक करून ठेवा. ही मंडळी प्रवासात काय खाऊ, काय खाऊ करत हिंडतात, आणि तुमच्याकडं आठवडे टिकणारी भाकरी आयती आहे! शेंगदाणे, लसूण, मिरची, मीठ घरीच कुटा, बाजारची पुडी नको.

शेंगाचटणी

दादा, पायाच पडते तुमच्या. फ्लॉवरची भाजी करायची ठरवली होती, ती रद्द. गोड काय करू? बासुंदी, श्रीखंड डोक्यात होतं, ते तर गेलंच.

पनवेलवाला

कुरडया करता ना? मग अर्धं काम येतंच तुम्हाला.

आमच्या नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, गव्हाच्या चिकाचा हलवा करतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे आणि चीक खाली बसू द्यायचा. इथवर कुरडईचंच. मग वरचं पाणी ओतून टाकायचं आणि चीक नारळाच्या दुधात कालवून साखर घालून आटवायचा. इथं घाई करणाऱ्याचं काम नाही. मंद आचेवर हलवत राहायचं, थांबलात की तळाला धरतो. आधी खळीसारखा पांढरट दिसतो, मग चकाकी येते, उलथनं ओढलं की कडा सोडतो, तेव्हा वेलची घालून ताटात ओतायचा, वरून बदाम-पिस्ते दाबायचे आणि गार झाला की वड्या. माझी आजी हलवताना कोणाला बोलू देत नसे. का, ते तिचं तिलाच ठाऊक!

मावशींना हा दाखवा, मग बघा त्यांच्या तोंडून काय निघतं.

शुक्रवारचं : सूर्य मावळायच्या आधी सगळा स्वयंपाक उरकायचा. त्यानंतर शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत जाळ पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही. थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवा, न्हाणीघराचा दिवा चालूच ठेवा, आणि फ्रीजचा आतला बल्ब शुक्रवारी दुपारीच काढून ठेवा. दार उघडलं की तो पेटतो आणि पोरगी दिवसभर फ्रीजला हात लावणार नाही. प्रार्थनेला वाइन लागते. आपल्याकडे ती मिळत नसे म्हणून आमचे लोक काळ्या मनुका भिजवून, पिळून सरबत करत आले. तुमच्या पंढरपूर भागात द्राक्षाला तोटा नाही. हिरवा-पिवळा बेदाणा नको, त्याला गंधकाची धुरी देतात, काळाच घ्या. सरबत तिलाच करू द्या, द्राक्षाच्या रसाला तर नियम आणखी कडक.

उजनीकाठ

मासे का नाही सांगितले कोणी? उजनीचा रोहू, कटला, चिलापी, सगळ्यांना खवले आणि पर असतात, म्हणजे कोशरच. मागूर चालणार नाही, त्याला खवले नाहीत. अख्खा मासा खवल्यांसकट आणा, तिच्यासाठी घेतलेल्या नव्या सुरीनं कापा.

शेंगाचटणी

दादा, माहिती पक्की दिसते, पण आमच्या घरात मासा आला तर सासूबाई मैत्रिणीला घेऊन लॉजवर राहायला जातील. आता प्रवासाचं सांगा ना कोणी.

पनवेलवाला

शुक्रवार रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस चुकूनही काढू नका, नात चढणारच नाही. रविवारी निघा. पुण्यात उतरायचं असेल तर सकाळची हुतात्मा बरी. तिथं लाल देऊळ हे यहुदी प्रार्थनामंदिर बघा, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, १८६४ मध्ये ते वारले, काम १८६७ मध्ये पुरं झालं. त्यांची समाधी आवारातच आहे. पण ससून बगदादी, म्हणजे बगदादहून आलेले यहुदी, आमच्यापैकी नव्हेत. मावशी हे नातीला नक्की ठणकावून सांगतील.

मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटचं शार हारहामिम हे प्रार्थनामंदिर चुकवू नका. कंपनीच्या फौजेतले दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी ते उभारलं. मस्जिद स्टेशनचं नाव या प्रार्थनामंदिरावरूनच पडलं असं मानतात. गेटवेहून मांडव्याची बोट घ्या. अलिबागेत इस्रायल आळी, तिथलं मागेन अबोथ प्रार्थनामंदिर, मग नवगाव. गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि तिथं किनाऱ्याला लागल्या, अशी आमची पिढीजात समजूत. बाकीच्यांची कबर आणि स्मारकस्तंभ तिथं आहे. पुढं रेवदंड्याचं बेथ एल प्रार्थनामंदिर. आम्ही शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, ते याच पट्ट्यातले. मावशींच्या आडनावात "कर"च्या आधी जे गाव असेल तिथं आधी जा.

तारखा जुळवता आल्या तर आणखी एक. आमच्या यहुदी पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, जानेवारी-फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या सुमाराला, अलिबागजवळच्या खंडाळ्याला (लोणावळ्याशेजारचं नव्हे) आमचे लोक जमतात. एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा तिथल्या कातळावर आहेत असं मानतात. तिथं मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि वर फळं. गड्ड्यानंतर थोडे दिवस थांबायची तयारी असेल तर हे जमेल.

प्रार्थनामंदिरात जायचं तर आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र आणि पासपोर्ट जवळ ठेवा. सुरक्षा कडक असते, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. कबरस्तानातून बाहेर पडताना हात धुवायचे, तेवढी पाण्याची बाटली गाडीत असू द्या.

शेंगाचटणी

आत्ताच सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मलिदा आम्ही दोघी खायचो त्यांच्या घरी, तेव्हा मला खजूर जास्त मिळायचे." आता त्यांनाही अलिबागला यायचंय! गुडघे बघता मांडव्याची बोट झेपेल का, की पुण्याहून गाडी करू? पनवेलवाले, दोन म्हाताऱ्या आणि एक काटेकोर पोरगी घेऊन जाईल असा माहितीतला ड्रायव्हर असेल तर मेसेज करा. शनिवारी गाडी काढायची नाही, हे त्याला मी सांगते.